सुरतेचे जिल्हा न्यायालय : मृत्युपत्राची शहानिशा आणि अज्ञान वारसांचे संरक्षण

मृत व्यक्ती आपली इच्छा पुन्हा सांगू शकत नाही आणि अज्ञान बालक आपला हक्क स्वतः मागू शकत नाही. या दोघांची बाजू राखण्यासाठी काही देशांत स्वतंत्र प्रोबेट न्यायालये आहेत. भारतात हे काम मुख्यतः जिल्हा न्यायालयाकडे सोपविलेले आहे. सुरत शहरात ते अठवालाइन्स येथील जिल्हा न्यायालयात चालते. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतर त्यांनाही याच न्यायालयाची पायरी चढावी लागते.

मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयीन प्रमाण म्हणजे प्रोबेट. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ते मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते. मृत्युपत्र योग्य रीतीने व शुद्धीत केले होते काय, एवढेच न्यायालय तपासते. मालमत्तेच्या मालकीचा वाद त्यात निकाली निघत नाही. कोणी हरकत घेतल्यास अर्जाला दाव्याचे स्वरूप येते. प्रोबेट मिळाल्यावर व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब सादर करावयाचा असतो. सुरतेत केलेल्या व तेथील मालमत्तेपुरत्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. मुंबई शहरातील मालमत्तेबाबत मात्र ती होती. सक्तीचे ते कलम २१३ संसदेने २०२५ मध्ये वगळले. तरीही वाद संभवत असेल तेथे प्रोबेटचे महत्त्व कायम आहे.

मृत्युपत्र नसेल, तर ठेवी, समभाग आणि येणे रकमा यांसाठी हेच न्यायालय उत्तराधिकार प्रमाणपत्र देते. घर वा जमीन त्यात येत नाही.

पालकत्वाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार बालकाचे कल्याण हाच निर्णयाचा मुख्य निकष आहे. बालकाचा ताबा कोणाकडे असावा, याचा निर्णय कुटुंब न्यायालय करते. त्याच्या मालमत्तेचे प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे जाते. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पित्याच्या स्वकष्टार्जित सदनिकेत पत्नी, मुले आणि हयात असल्यास त्याची आई यांना समान वाटा मिळतो. आई ही मुलाची नैसर्गिक पालक असली, तरी १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ नुसार अज्ञान मुलाचा वाटा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना तिला विकता अथवा गहाण ठेवता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही हाच नियम लागू आहे.

विक्री आवश्यक आहे किंवा तीत मुलाचा उघड लाभ आहे, असे पटल्यासच न्यायालय परवानगी देते. अर्ज मालमत्ता ज्या जिल्ह्यात आहे तेथेच करावा लागतो. कुटुंब जळगावला परतले असले, तरी सुरतेतील सदनिकेसाठी सुरतेलाच यावे लागते. हा वळसा टाळून केलेली विक्री मुलाने आव्हान दिल्यास रद्द होऊ शकते. सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत त्याला दावा लावता येतो. तोवर खरेदीदाराच्या डोक्यावर टांगती तलवार राहते. आणि पैसा खर्च झाला असेल, तर मुलाच्या हाती केवळ खटला उरतो.

गोमंतकीय वाचकांना 'इन्व्हेंटरी'ची प्रक्रिया परिचित आहे. तीत वारस, मालमत्ता आणि वाटणी यांचा निर्णय एकत्र होतो. सुरतेत त्यासाठी निरनिराळे अर्ज करावे लागतात. मात्र गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीची सुरतेत मालमत्ता असल्यास तिचा वारसा गोव्यात लागू असलेल्या कायद्यानेच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे अशा मालमत्तेचा व्यवहार करण्यापूर्वी मृत व्यक्तीचा अधिवास आणि वारसांतील अज्ञान मुले, या दोन बाबी प्रथम तपासणे हिताचे ठरते.