संगमरवरात शिरलेला उजेड

संगणकाने काढलेल्या जुन्या चेहऱ्यांवर प्लास्टिकची कळा असे आणि त्याचे खापर सर्रास त्या काळच्या मंद यंत्रांवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. कातडीच्या आणि पानाच्या थरांत शिरून विखुरणारा प्रकाश पॅट हॅनरहान व वोल्फगांग क्रूगर यांनी 1993 सालीच चित्रात आणला होता. मात्र किरण जिथे आत शिरला तिथूनच बाहेर पडतो, असे त्यांनी धरले. घोडे पेंड खात होते ते इथे. दुधात शिरलेला प्रकाश आडवा पसरून भलतीकडूनच बाहेर येतो. ते पसरणे गाळले की पेल्यातले दूध पांढऱ्या रंगासारखे दिसते.

उत्तर आले ते वैद्यकीय भौतिकीतून. शरीराला सुरी न लावता ऊती किती प्रकाश शोषते हे कळावे, म्हणून फॅरेल, पॅटरसन व विल्सन यांनी 1992 मध्ये एक सूत्र मांडले होते: असंख्य वेळा विखुरलेला प्रकाश आपली मूळ दिशा विसरतो, तेव्हा पृष्ठभागाखाली एक दिवा आणि वर एक ऋण दिवा कल्पून हिशेब भागतो. जेन्सेन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरहान यांनी 2001 मध्ये तेच उचलले. दूध, संगमरवर, केचप अशा पदार्थांवर बारीक झोत टाकून भोवती उमटणाऱ्या उजेडाचे फोटो घेतले, आणि त्यावरून आकडे काढले.

यावरचा आक्षेप रास्त आहे. हे सूत्र सपाट, अथांग जाडीच्या पदार्थाचे. कानाची पाळी ना सपाट, ना जाड. पण त्यांनी संगमरवरी पुतळ्याचे एक चित्र या सूत्राने 5 मिनिटांत काढले, किरणांची आतली भटकंती मोजणाऱ्या पूर्ण गणिताला 1250 मिनिटे लागली, आणि दोहोंतला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. सेकंदाला 24 चित्रे धरली, तर त्याच यंत्रावर एका सेकंदाच्या दृश्याचे 2 तासांचे काम पूर्ण गणिताने जवळपास 21 दिवसांवर जाते. इतका वेळ कोणता निर्माता देणार? ऑस्करवाल्या अकादमीने 2004 मध्ये जेन्सेन, मार्शनर, हॅनरहान यांना तांत्रिक पुरस्कार दिला, तो उगाच नव्हे.

आता यंत्रे वेगवान झाल्यावर स्टुडिओ पुन्हा किरणांची आतली भटकंतीच मोजू लागले; मग मधला खटाटोप वाया गेला का? तसे म्हणता येत नाही. कोणत्या रंगाचा प्रकाश किती अंतर आत जातो, हे कलाकाराला आजही भरावे लागते, आणि कातडीसाठी लाल रंगाचा आकडा सर्वांत मोठा ठेवावा लागतो.