छायाचित्रणयंत्रातील मुखशोध : एक ऐतिहासिक टिपण

स्वयंचलित फोकसची सोय असलेला, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा जपानी कोनिका सी-३५ एएफ. चौकटीच्या मध्यभागी जे असेल त्याचे अंतर मोजावयाचे, एवढेच त्याला ठाऊक होते. दोन माणसे शेजारी शेजारी उभी केली, तर त्यांच्या मधल्या फटीतून दिसणारी भिंत रेखीव उतरावयाची आणि माणसे पुसट! पुढील कॅमेऱ्यांत यावर तोड निघाली: आधी एका चेहऱ्यावर नेम धरून बटण अर्धे दाबावयाचे व मग चौकट जुळवावयाची. चेहरा हुडकण्याचे काम अर्थातच छायाचित्रकाराकडे राहिले.

येथे परिभाषेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘चेहरा ओळखणे’ हा प्रयोग मराठीत दोन निराळ्या क्रियांना सरसकट लावला जातो. समोर चेहरा आहे हे कळणे वेगळे आणि तो कोणाचा हे कळणे वेगळे. पहिल्या क्रियेस ‘मुखशोध’ व दुसरीस ‘मुखपरिचय’ म्हणणे सोयीचे होईल. ताकेओ कानादे यांचा क्योतो विद्यापीठातील १९७३ चा प्रबंध मुख्यतः मुखपरिचयाचा होय. कॅमेऱ्याचे काम मात्र मुखशोधावर भागते.

या दिशेने निर्णायक पाऊल पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ साली टाकले. त्यांची युक्ती विलक्षण साधी होती. डोळ्यांचा पट्टा गालांहून काळसर असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांहून उजळ असतो. अशा आयताकृती छायाप्रकाशांची केवळ वजाबाकी करावयाची. प्रत्येक बिंदूपाशी त्याच्या वरील व डावीकडील सर्व बिंदूंची बेरीज आधीच नोंदविलेली असल्याने कोणत्याही आयताची बेरीज चार नोंदींवरून मिळे. चित्राचा जो भाग पहिल्या ढोबळ परीक्षेत नापास होई, त्याकडे पुन्हा पाहिले जात नसे. त्यामुळे त्या काळच्या साध्या संगणकावरही सेकंदाला १५ चित्रे तपासता आली.

अर्थात, यंत्राला ‘चेहरा’ म्हणून जे शिकविले गेले ती ४,९१६ छायाचित्रे होती, आणि तीही सरळ उभ्या, समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यांची. व्याख्या उदाहरणांतूनच घडत असल्याने ती उदाहरणांच्या निवडीइतकीच व्यापक असणार, हे उघड आहे. कॅमेऱ्यांतील सर्वच मुखशोध याच पद्धतीतून निघाला असे मात्र समजू नये. २००५ साली निकॉनने आपल्या कूलपिक्स मालिकेतील काही कॅमेऱ्यांत ही सोय आणली, ती आयडेंटिक्स या कंपनीच्या तंत्रावर आधारलेली होती. परंतु निवडीचा प्रश्न पद्धतीपुरता मर्यादित नव्हता. २००९ साली एक कॅमेरा आशियाई वंशाच्या व्यक्तींचे डोळे उघडे असताना ‘कोणी डोळे मिटले काय?’ असे विचारतो, अशी तक्रार जाहीर झाली. त्याच वर्षी एका संगणकावरील कॅमेरा गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याचा मागोवा घेतो, कृष्णवर्णीय पुरुषाच्या नाही, हे चलच्चित्राने दाखविले गेले. अशा प्रसंगांना केवळ तांत्रिक त्रुटी म्हणून बाजूस सारणे योग्य ठरणार नाही. चेहरा कशाला म्हणावयाचे, हा निर्णय तेथे आधीच झालेला होता.

२०१९ मध्ये सोनीच्या कॅमेऱ्यांत प्राण्यांच्या डोळ्यांवर फोकस साधण्याची सोय आली. समोर माणूस आहे की प्राणी, हे मात्र छायाचित्रकारानेच आधी निवडून ठेवावे लागे.