कोठडीचे दप्तर

राज्यसत्तेने एखाद्या माणसाला पकडले की त्याची नोंद कुठे होते, आणि ती नोंद कोणाला वाचता येते, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले तरी त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात पेशवाईच्या दप्तरापर्यंत मागे नेता येते, तर दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायद्यालाही देता आले नव्हते. आधी पुण्यात आणि नंतर मुंबईत ही नोंद ठेवणाऱ्याची सोय पाहून ठेवली गेली. जो पकडला गेला त्याचा किंवा त्याला शोधणाऱ्यांचा तिच्यावर काही हक्क असू शकतो, हा विचार फार उशिरा आणि मोठ्या झगड्यानंतर रुजला.

पेशवाईत शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे आणि त्याच्या कारभाराचा हिशेब सरकारी दप्तरात जमाखर्चाच्या रूपाने उतरत असे. आज ज्याला गुन्हेगारी म्हणतात तो शब्द त्या दप्तरांत दंडापोटी जमा झालेल्या रकमेसाठी वापरलेला दिसतो; म्हणजे गुन्ह्याची नोंद मुळात उत्पन्नाच्या बाजूला पडत होती. खर्चाच्या बाजूला कैदी दिसतो तो शिध्याच्या रूपाने, कारण गंभीर अपराध्यांना आणि राजकीय बंदिवानांना किल्ल्यांवर ठेवण्याची रीत होती आणि पायात बेडी घालून कोणाला कोणत्या किल्ल्यावर पाठवावे व त्याला रोज किती पीठ द्यावे, अशा आज्ञा किल्लेदारांना जात. रात्रीची गस्त चुकवणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र एवढीही नोंद येईलच अशी खात्री नव्हती. १७९१ साली पुण्यात घाशीराम कोतवालाच्या शिपायांनी पकडलेल्या तेलंग ब्राह्मणांना एका अरुंद कोठडीत कोंडण्यात आले, त्यांतील अनेक जण गुदमरून मेले आणि क्षुब्ध जमावाने पुढे घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु त्या कोठडीत किती माणसे होती आणि किती दगावली याचे आकडे निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळे आढळतात. माणसे मेल्यानंतरही त्यांची संख्या निश्चित सांगता येऊ नये, यावरून नोंदीच्या अभावाचा अर्थ पुरेसा कळतो.

मुंबईत इंग्रजी न्यायव्यवस्थेबरोबर एक वेगळी कल्पना आली. देहोपस्थिती, म्हणजे ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्या माणसाला न्यायालयापुढे हजर करून ताब्याचे कारण सांगावे असा आदेश, हा त्या कल्पनेचा गाभा होता. नोंदवही उघडून दाखवा असे हा आदेश म्हणत नाही. तो माणूसच पुढे आणायला सांगतो, म्हणून तो कोणत्याही वहीपेक्षा थेट आहे. १८२८ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने पुण्यात आपल्या वडीलधाऱ्या आप्ताच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या मुलाविषयी असा आदेश काढला आणि ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्याच्या बाबतीतही तसाच आदेश निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बेटाबाहेर या न्यायालयाचा अधिकार चालत नाही अशी भूमिका घेऊन अंमलबजावणीस नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ मध्ये न्यायालयाचे कामकाजच थांबवले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अखेर सरकारची बाजू उचलून धरली. परिणामी मुंबई बेटावरचा कैदी आणि खाडीपलीकडचा ठाण्याचा कैदी यांच्यात एक कायदेशीर दरी कायम राहिली. पहिल्याविषयी सरकारला जाब विचारता येत होता, दुसऱ्याविषयी नाही.

१८५७ नंतरच्या दशकांत पोलीस आणि तुरुंग या दोन्ही खात्यांची आजची कागदपत्रे घडली. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ४४ ने ठाण्याच्या अंमलदाराला एक सर्वसाधारण दैनंदिनी ठेवण्याचे बंधन घातले. तीत आलेल्या तक्रारी, अटक झालेल्यांची नावे, त्यांच्यावरील आरोप, त्यांच्याजवळून घेतलेला ऐवज आणि साक्षीदारांची नावे लिहायची होती. मुंबई शहराचे पोलीस स्वतंत्र कायद्यांखाली चालले, तरी स्टेशन डायरी, म्हणजेच ठाणे दैनंदिनी, ही पद्धत येथेही रुजली आणि आजवर टिकली आहे. मात्र ही दैनंदिनी मागवून पाहण्याची मुभा त्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला दिली. अटक झालेल्याच्या बापाला किंवा बायकोला नव्हे. तपासाची रोजची टिपणे जीत असतात ती केस डायरी तर खुद्द आरोपीलाही मागता येणार नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेने स्पष्टच सांगितले.

तुरुंगाच्या बाबतीत १८९४ चा कारागृह कायदा अधिक काटेकोर आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अधीक्षकाने दाखल बंद्यांची नोंदवही, प्रत्येकाची सुटका कधी व्हायची हे दाखवणारी वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांनी आपली निरीक्षणे लिहावयाची वही आणि बंद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवायची असते. शिवाय दाखल होताना बंद्याच्या अंगावरील जखमा व खुणा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली लिहून घ्याव्या लागतात. हा शेवटचा तपशील कैद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, कारण पोलीस कोठडीत मारहाण झाली असेल तर तिचा पहिला लेखी पुरावा तुरुंगाच्या दारातच तयार होऊ शकतो. तरीही या वह्यांतून कैदेचा फक्त सांगाडा हाती लागतो. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली व १०१ दिवसांनी त्यांची सुटका झाली, एवढे कोणतेही तुरुंगी दप्तर सांगू शकते. डोंगरीच्या तुरुंगातले ते दिवस कसे गेले हे मराठी वाचकाला कळले ते आगरकरांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले म्हणून. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती अशा असंख्य कैद्यांच्या बाबतीत तो सांगाडाही आज शोधून काढावा लागतो.

याच काळात नोंदीने दुसरे, अधिक कठोर रूप घेतले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि विशेषतः तो देशभर लागू करणाऱ्या १९११ च्या कायद्याने, जन्मावरूनच माणसांची नावे सरकारी वहीत चढवण्याची सोय केली. गुन्हा घडलेला नाही, अटक झालेली नाही, खटला चाललेला नाही, तरी नाव नोंदलेले आहे आणि नेमल्या वेळी हजेरी द्यायची आहे, अशा स्थितीत मुंबई इलाख्यातील कैकाडी, पारधी यांसारख्या जमातींच्या कित्येक पिढ्या जगल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही त्या वहीचीच वस्ती होती. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाल्यावर बोटांचे ठसे या नोंदीचा भाग बनले आणि १९२० च्या कायद्याने कैद्यांची मापे व छायाचित्रे घेण्याला अधिकृत आधार दिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या १९५९ च्या मुंबई कायद्याने नोंदणीची कल्पना जमातीवरून व्यक्तीवर आणून जिवंत ठेवली. म्हणून अटकेच्या नोंदी खुल्या असाव्यात असे म्हणताना कोणाच्या नोंदी आणि कोणासाठी खुल्या, हे विचारणे महाराष्ट्रात तरी टाळता येत नाही.

नोंद ही पकडलेल्याचे संरक्षण ठरू शकते, या विचाराला कायद्याचे बळ मिळाले ते दोन पत्रांमुळे. पहिले पत्र मुंबईचे आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले आणि बारसे यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निर्देश दिले. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत, स्त्री शिपायांच्या पहाऱ्यात ठेवावे, अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, अटक झालेल्या व्यक्तीने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला शक्य तितक्या लवकर खबर द्यावी आणि शहराच्या सत्र न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात, असे ते निर्देश होते. दुसरे पत्र पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून लिहिले. त्यावरील १८ डिसेंबर १९९६ च्या निकालाने अटकेच्या वेळीच अटक मेमो, म्हणजे वेळ व तारीख असलेले आणि साक्षीदाराच्या व अटक झालेल्याच्या सहीचे टिपण, करणे बंधनकारक केले. अटकेची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन ती तेथील फलकावर ठळकपणे लावावी, असेही सांगितले. शंभरहून अधिक वर्षे आत ठेवलेली वही भिंतीवर टांगण्याचा हा आदेश होता, आणि या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत मोठा बदल मानला पाहिजे.

संसदेने २००८ च्या दुरुस्तीने हा फलक फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क च्या पुढे, ४१-ग म्हणून घातला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ ने तो प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत आणला. सहायक उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने अटक झालेल्यांची नावे, पत्ते व आरोपाचे स्वरूप यांची माहिती ठेवायची आणि ती डिजिटल पद्धतीसह ठळकपणे दाखवायची, असे ते कलम सांगते. प्रथम खबर अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे तेवढी वगळावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा निर्देश त्याला पूरक ठरला. प्रत्यक्षात मात्र मुंबईसारख्या शहरात पकडलेल्या माणसाचा माग अजूनही टप्प्याटप्प्याने काढावा लागतो: ठाण्यातील दैनंदिनी व गुन्हा नोंद क्रमांक, तेथून चोवीस तासांत ज्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले त्या न्यायालयाचा रोजनामा, आणि पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर तुरुंगाची दाखल नोंदवही. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे शिक्षा न झालेले कच्चे कैदी असल्यामुळे बहुतेक कुटुंबांचा शोध या तीन कागदांमध्येच फिरत राहतो. अमेरिकेतील अनेक शहरांत तुरुंगात दाखल झालेल्यांची यादी छायाचित्रांसह कोणालाही पाहता येते; भारतीय कायद्याने अटकेचे नाव खुले केले, तुरुंगाची वही खुली केली नाही, आणि हा फरक जपण्याजोगा आहे.

कारण खुली नोंद पुसली जात नाही. १९२० च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या कायद्याप्रमाणे घेतलेली मापे, ठसे व छायाचित्रे ७५ वर्षे जपायची आहेत. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करण्याची तरतूद आहे, पण न्यायालयाने लेखी कारणे देऊन तसे न करण्यास सांगितले तर ती राहतात. कलम ३७ च्या फलकाला तर एवढाही आधार नाही: नाव, पत्ता आणि आरोप लावावा असे ते कलम म्हणते, तो माणूस सुटला तर काय लावावे याविषयी त्यात एक शब्दही नाही. तुरुंगाच्या आत सुटकेच्या तारखांची स्वतंत्र वही १८९४ पासून सक्तीची आहे. ठाण्याबाहेरच्या फलकावर तो रकाना अद्याप आखलेला नाही.