प्रभात चित्रगृह

पुण्यातील आप्पा बळवंत चौकालगतचे ‘प्रभात’ चित्रगृह ठाऊक नाही, असे कुटुंब जुन्या पुण्यात विरळाच. वास्तू इंदूरच्या सरदार किबे घराण्याची. ती भाडेपट्ट्याने घेऊन प्रभात फिल्म कंपनीने २१ सप्टेंबर १९३४ रोजी तेथे चित्रगृह सुरू केले. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात जन्मली व १९३३ साली पुण्यास आली, हे आमच्या ज्ञातिबांधवांस विदितच आहे. बोलपट कितीही सरस असो, पडदाच मिळाला नाही तर तो डब्यात पडून राहावयाचा. चित्र निर्मिणारा व दाखविणारा एकच असल्याचा लाभ म्हणूनच मोठा होता, आणि आमच्या मते ‘प्रभात’च्या यशाचा विचार करताना हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही.

१९५३ साली कंपनी बंद झाली. तिच्या स्टुडिओत १९६० साली सरकारी चित्रपट संस्था आली. चित्रगृह मात्र संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले यांच्या घराण्याकडून पुढे कित्येक दशके चालले. मराठी चित्रपटास इतर पडदे दुर्मिळ झाले, तेव्हाही येथे त्याला मानाने जागा मिळे. १९९१ सालच्या ‘माहेरची साडी’साठी येथे लोटलेली स्त्रियांची गर्दी अनेक भगिनींना स्मरत असेल.

२०१४ च्या अखेरीस वास्तू किबे घराण्याकडे परत गेली. पुढे ‘प्रभात’ ही पाटी उतरली व ‘किबे लक्ष्मी’ हे नाव लागले. मालकाने आपल्या वास्तूस आपले नाव द्यावे, यात गैर ते काय? तथापि आमची वडीलधारी मंडळी रिक्षावाल्यास अद्याप ‘प्रभातला घ्या’ असेच सांगतात.