मद्रासची बिअर आणि आमची रुची

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या एका स्नेह्याने आम्हांस विचारले, "तुम्हांला कोणती बिअर आवडते?" चेन्नईत सरकारी नोकरीची दहा वर्षे उलटलेली, तरी 'थंड असेल ती' यापलीकडे उत्तर सुचेना. स्नेही हसला. आम्ही मात्र विचारात पडलो. कारण रुची निवडीतून घडते, आणि या बाबतीत निवड ह्या शहराच्या वाट्यास क्वचितच आली.

कंपनी सरकारच्या काळी येथील गोऱ्यांची बिअर विलायतेहून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, महिनोन् महिन्यांच्या प्रवासाने येई. मद्रासला तेव्हा बांधीव बंदर नव्हते. जहाज दूर उभे राही आणि दोरीने शिवलेल्या मसुला होड्या लाटांतून माल किनाऱ्यास लावीत. एवढ्या प्रवासात नासू नये म्हणून तीत हॉप नावाच्या वेलीची कडू फुले सढळ हाताने घालीत. लंडनच्या हॉजसनने ह्या व्यापारावर बराच काळ पकड ठेवली. पुढे १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपने तीत वाटा मिळविला. त्या साहेबांना कडूपणा आवडे, की कडूच टिके म्हणून तो आवडून घ्यावा लागे? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

पुढे बिअर दक्षिणेतच होऊ लागली. थॉमस लीशमन या स्कॉच गृहस्थाने १९१५ मध्ये पाच कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज स्थापली. त्यांतील कॅसल ब्रुअरी १८५७ ची. पण सामान्य मद्रासवासीयाच्या जिभेपर्यंत ती पोचते न पोचते तोच दारूबंदी आली. राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून आरंभ केला, १९४८ मध्ये ती साऱ्या प्रांतात झाली. १९७१ मध्ये बंदी उठली, १९७४ मध्ये पुन्हा लागली. अशा धरसोडीत रुची कसली जोपासणार! १९८३ मध्ये टास्मॅक हे सरकारी महामंडळ निघाले, आणि २००३ पासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती गेली.

गेल्या दिवाळीच्या रजेत स्नेह्याने आम्हांस पुण्यात अशा एका ठिकाणी नेले, जेथे बिअर तेथल्या तेथे बनते. ही प्रथा पुण्यात रुजविणाऱ्यांत २००९ ची 'डूलाली' अग्रेसर. हा शब्द मूळचा आपल्या देवळालीचा. जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनी त्यास 'वेडसर' असा अर्थ दिला. असो. आमच्यापुढे चार लहान पेले आले. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. फळ वा मसाला न घालता केवळ किण्वामुळे तो येतो, हे ऐकून नवल वाटले. स्नेह्यास तीच प्रिय. आम्ही दोन घोट घेऊन पेला सारला आणि शेवटच्या, सर्वांत कडू पेल्यापाशी थबकलो. जिभेच्या मागल्या भागावर रेंगाळणारी ती चव ओळखीची वाटली. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी रोज दोनदा पिण्यात गेलेली दहा वर्षे त्या पेल्यात होती.

"ही," आम्ही म्हणालो. स्नेह्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.