पॉइन्सेट काउंटीतील कापूस-अनुदान

अमेरिकेत कापसाचा भाव पौंडामागे सात सेंटांच्याही खाली उतरला आणि गोदामांत जुन्या मालाच्या राशी पडून राहिल्या, तेव्हा लागवडच घटवावी व त्या त्यागाचा मोबदला सरकारी खजिन्यातून द्यावा, असा कायदा रूझवेल्ट सरकारने मे १९३३ मध्ये केला. पीक मात्र तोवर उगवून आले होते. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकर उभा कापूस नांगराखाली गेला, आणि जन्मभर रोप न तुडवण्याची शिस्त लागलेली खेचरे रोपांवर पाऊल टाकावयास नाखूष असत, अशी हकीकत तत्कालीन वृत्तांतांत आढळते.

या अनुदानाची खरी परीक्षा आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीसारख्या मुलखात झाली. जमीन मोजक्या मळेवाल्यांची, कसणारी बहुतेक गोरी-काळी कुळे अर्धेलीची. करारनामा मालकाशी, रक्कम मुख्यत्वे त्याच्याच हाती, स्थानिक समित्यांवर वजनही त्याच्याच वर्गाचे, अशा व्यवस्थेत कुळाचा तुटपुंजा वाटाही पुष्कळदा मालकाच्या खतावणीत जुन्या उधारीपोटी वळता होई. पेरा घटला तशी माणसेही नकोशी झाली, आणि अनेक कुटुंबे बेदखल झाली.

जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळ अकरा गोऱ्या व सात काळ्या पुरुषांनी मिळून कुळांचा संघ स्थापिला. वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या प्रदेशात हे धैर्य मला असामान्य वाटते. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, परंतु तोवर कित्येक बिऱ्हाडे रस्त्यावर आली होती.