ठोकळमानाने अडीच

परवा आमच्या पेणच्या घरी नातवाचं पार्सल आलं. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून त्याने संगणकावर एक सर्किट बोर्ड आखून बनवून घेतला होता. चाळीस पायांचं सॉकेट बसवायला गेला, तर पहिला पाय भोकात आणि शेवटचा बाहेर! पाचही बोर्ड वाया.

"दोन भोकांत अंतर किती ठेवलंस?"

"इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर. आजोबा, इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मी गप्प. वर्गातही मी हेच सांगत आलो. आधी "ठोकळमानाने" म्हणायचो खरा, पण मुलं तेवढंच विसरतात आणि अडीच लक्षात ठेवतात.

इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा, हे अमेरिका, ब्रिटन वगैरे देशांनी १९५९ साली ठरवलं. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत दोन्ही बाजूंना पाय असलेल्या चिपची घडण तयार झाली, तेव्हा दोन पायांत इंचाचा दहावा भाग ठेवला. जग मेट्रिक झालं तरी ते अंतर तसंच राहिलं, २.५४ मिलिमीटर. एका ओळीत वीस पाय, म्हणजे एकोणीस अंतरं. दर अंतरात चार शतांश मिलिमीटर गेले की शेवटी पाऊण मिलिमीटरची तूट!

मला एकदम रोह्याचं लहानपण आठवलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याचा कायदा १९५५ चा, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांचं बालपण रोह्यातलं, म्हणून आमच्या गावाला त्याचं कोण कौतुक! आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून आण्याचे सहाच धरायचे. चार आण्यांचे मात्र पंचवीस. एकेक आणा चार वेळा मोडला की चोवीसच हाती यायचे. तो एक पैसा कुठे गेला, हे कोडं मला कितीतरी दिवस सुटलं नव्हतं. पुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनं-मापं आली. पण आमच्या पेणच्या कारखान्यांत गणपती आजही दीड फुटी, दोन फुटीच असतो. जुनी मापं अशी सहज जात नाहीत.

"नकाशावर मापं लिहायची सोय नाही का?" मी विचारलं.

"डायमेन्शन आहे की. दोन बिंदू दाखवले की बाणांची रेघ आणि आकडा येतो. पण संगणक अचूकच काढतो, म्हणून नाही टाकलं."

"त्याने अचूकच काढलं रे. तू सांगितलेलं चुकीचं अडीच अचूक काढलं."

मग दोघं बसलो. पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत त्याने माप टाकलं. आकडा आला ४७.५०. सॉकेटच्या माहितीपत्रकात ४८.२६. एकेका अंतरात न दिसलेली चूक टोकापासून टोकापर्यंत मोजल्यावर लख्ख दिसली. त्याने भोकं पुन्हा आखली आणि आकड्यापुढे "मिमी" हेही लिहिलं. एकक न लिहिणाऱ्यांचे गुण मी जन्मभर कापले, तेवढं तरी बरं शिकवलं म्हणायचं.

नव्या बोर्डांचे पैसे मी दिले. चूक निम्मी माझीच होती ना!

आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीत दुरुस्ती करून घ्या. इंच म्हणजे दोन पूर्णांक चोपन्न शतांश सेंटिमीटर. अडीच नव्हे.